शब्दांची विचारपूस: ‘एक्सपॅट’ या शब्दातला बाप

या महिन्यात चार पत्रं अशी आली की चौघांचाही रोख एकाच शब्दावर आहे. परदेशात राहणाऱ्या माणसाला इंग्रजीत ‘एक्सपॅट्रिएट’ म्हणतात, थोडक्यात ‘एक्सपॅट’, तो हा शब्द. १९७८ ते १९९९ अशी एकवीस वर्षं मी ओमानमध्ये, मस्कतला एका बांधकाम कंपनीत होतो, आधी टाइमकीपर, मग कारकून. तेवढी वर्षं हा शब्द माझ्या प्रत्येक सरकारी कागदावर छापलेला होता. त्यामुळे बाकीची पत्रं पुढच्या अंकासाठी राखून ही चारच घेतो.

प्रश्न (पुण्याहून एक वाचक): माझा धाकटा भाऊ नोकरीसाठी नेदरलँड्सला असतो. तो स्वतःला ‘एक्सपॅट’ म्हणवतो. आमच्या ऑफिसात एकानं सांगितलं, मूळ शब्द ‘एक्स-पॅट्रिअट’ आहे, म्हणजे ‘माजी देशभक्त’. आईच्या कानावर हे गेलं आणि तिला फार लागलं. खरं काय आहे? शब्द लॅटिन आहे म्हणतात, तर त्याचं मूळही सांगावं.

उत्तर: आधी आईंना सांगा की या शब्दाचा देशभक्तीशी काही संबंध नाही. तुमच्या सहकाऱ्याची चूक मात्र पुष्कळ लोक करतात. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेही ‘एक्स-पॅट्रिअट’ असं लिहून जातात, कारण दोन्ही उच्चार कानाला जवळजवळ सारखेच लागतात.

शब्दाचे तुकडे दोन. ‘एक्स’ म्हणजे लॅटिनमध्ये ‘बाहेर’. माजी मंत्र्याला ‘एक्स-मिनिस्टर’ म्हणतो तेव्हाचा ‘माजी’ हा अर्थ त्याच ‘एक्स’ला नंतर चिकटला. इथला ‘एक्स’ मात्र ‘एक्सपोर्ट’ आणि ‘एक्झिट’मधला आहे, दाराबाहेर काढणारा. दुसरा तुकडा ‘पात्रिआ’, म्हणजे स्वदेश. झाला ‘स्वदेशाबाहेरचा’.

खरी गंमत ‘पात्रिआ’त आहे. हे मुळात विशेषण. पूर्ण बोल ‘तेर्रा पात्रिआ’. तेर्रा म्हणजे भूमी, पात्रिआ म्हणजे बापाची. पुढे भूमी गळली आणि विशेषणच नाम होऊन बसलं, आपल्याकडे ‘त्याची वडिलोपार्जित आहे’ एवढं म्हटलं की जमीन म्हणायची गरज उरत नाही तसं. या पात्रिआच्या पोटात ‘पातेर’ आहे, बाप. तोच आपला पिता. कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीपुढे १७८६ साली भाषापंडित विल्यम जोन्स यांनी सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं साम्य योगायोगानं आलेलं नाही, तिघी एकाच मुळातून निघाल्या असाव्यात. तिथपासून ही सोयरीक सगळ्या जगाला ठाऊक झाली. त्याच घराण्याच्या दुसऱ्या शाखेत ‘प’चा ‘फ’ झाला आणि इंग्रजीत ‘फादर’ आला. लॅटिनच्या ‘पातेर’चा पोर्तुगीजांनी ‘पाद्रे’ केला आणि तो आपल्याकडे ‘पाद्री’ म्हणून उतरला. गोव्यात मालकाला ‘पात्रांव’ म्हणतात, तोही याच गोतातला.

मी वसईचा, ख्रिस्ती घरातला. आमच्या किनाऱ्यावर पोर्तुगीज १५३४ पासून १७३९ पर्यंत होते. त्यामुळे हे तिन्ही शब्द आमच्या घरात एकाच दिवसात तोंडी यायचे. प्रार्थनेत ‘पिता’, वाडीतल्या गप्पांत ‘पाद्री’, आणि ते समोर आले की ‘फादर’. हे तिघे एकाच बापाचे आहेत हे कळायला मला विशी ओलांडावी लागली.

लॅटिन मात्र मी त्याआधी गायलेलं आहे. कॅथलिक चर्चची दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ या काळात झाली आणि त्यानंतर आमची उपासना मराठीत आली. माझं बालपण त्याच्या आधीचं. संध्याकाळच्या आशीर्वादाच्या उपासनेला आम्ही पोरं पुढच्या रांगेत उभे राहून एक लॅटिन गीत म्हणायचो. ते तेराव्या शतकातल्या संत थॉमस अक्वायनस यांचं. त्याचे शेवटचे दोन शब्द ‘इन पात्रिआ’. धुपाचा वास, वितळलेल्या मेणाचा वास, शेजारच्या काकांच्या सदऱ्याला केळीच्या बागेतल्या चिकाचे डाग, आणि आम्ही जीव तोडून ‘इन पात्रिआ’ लांबवतोय. अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता. पुढे फोर्टात फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर एक जुना लॅटिन कोश मिळाला, त्यात हा शब्द आधी शोधला. गीतात पात्रिआ म्हणजे स्वर्ग, आकाशातल्या बापाचं घर. मारिआच्या एका प्रार्थनेत आम्ही स्वतःला ‘एक्सुलेस’ म्हणायचो, म्हणजे ‘हद्दपार झालेले’, तेही त्याच दिवशी कळलं. म्हणजे मस्कतचं विमान पकडण्याआधी कितीतरी वर्षं मी रोज संध्याकाळी म्हणत होतो की मी बापाच्या घराबाहेर आहे.

आता शब्दाचा प्रवास. जुन्या रोमन लोकांच्या तोंडी हा शब्द नव्हता. ‘एक्सपात्रिआरे’ हे क्रियापद मध्ययुगातल्या लॅटिनमधलं. त्याच मुळांवरून फ्रेंचांनी ‘एक्सपात्रिए’ केलं, म्हणजे देशाबाहेर घालवणं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजीनं ते उचललं, तेव्हाही अर्थ घालवून देण्याचाच होता. आपल्या मर्जीनं परदेशी राहणारा, हा अर्थ फार नंतर पक्का झाला. ‘एक्सपॅट’ हे आखूड रूप तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळलं. तुमचा भाऊ जो शब्द अभिमानानं लावतो, त्याचा पणजोबा शिक्षा होता.

‘पॅट्रिअट’ दुसऱ्या वाटेनं आला. ग्रीकमध्ये ‘पात्रिओतेस’ म्हणजे एकाच देशातला, आपला देशबंधू. तिथून लॅटिन, फ्रेंच, इंग्रजी. आजोबा एक असले तरी ही दोन चुलत भावंडं आहेत, आणि एकाच्या डोक्यावरचा ‘एक्स’ दुसऱ्याला लावता येत नाही.

रोमन स्वतः हद्दपार माणसाला ‘एक्सुल’ म्हणत. त्या शिक्षेचं कायद्यातलं नाव मला फार बोलकं वाटतं: ‘पाण्याची आणि अग्नीची बंदी’. त्या माणसाला कुणी पाणी द्यायचं नाही, विस्तव द्यायचा नाही. गावानं वाळीत टाकणं म्हणजे काय हे ज्याला माहीत आहे त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. इ. स. पू. ५८ मध्ये सिसेरो या मोठ्या वक्त्यावर हीच पाळी आली. पुढल्या वर्षी तो परतला. त्याच सिसेरोनं एके ठिकाणी म्हटलंय की माझ्यासारख्या माणसाला दोन पात्रिआ असतात, एक जन्माची आणि एक नागरिकत्वाची. त्याचा जन्म रोमचा नव्हे, आर्पिनुम नावाच्या डोंगरातल्या गावचा. भावाला हे वाक्य जरूर कळवा. त्याच्या कामी येईल.

प्रश्न (दुबईहून एक वाचक): मी मूळ नाशिकची, इथे नऊ वर्षं नर्स आहे. आमच्याकडे गोरे डॉक्टर ‘एक्सपॅट’, आणि आम्ही ‘मायग्रंट स्टाफ’. सफाईवाल्यांना तर ‘लेबर’. शब्दकोशात असा फरक आहे का?

उत्तर: नाही ताई. कोशात शोधून सापडणार नाही. ‘मायग्रंट’ हाही लॅटिनच, ‘मिग्रारे’वरून, म्हणजे जागा बदलणं. त्यात पगार नाही, कातडीचा रंग नाही, डिग्री नाही. ‘एक्सपॅट्रिएट’मध्येही नाही. हा फरक माणसांनी केला आहे, आणि तो मी जवळून पाहिलाय.

आमच्या कंपनीत ‘एक्सपॅट’ म्हणजे दहा-बारा युरोपियन इंजिनिअर. त्यांना समुद्राकाठी घर, बायकामुलांची तिकिटं, मुलांची फी. आम्ही ‘इंडियन स्टाफ’, दोघांत एक खोली. गवंडी, सुतार, सेंट्रिंगवाले ते ‘लेबर’, पत्र्याच्या कॅम्पात एका खोलीत आठ. जेवणाच्या मेस तीन. पाण्याचे कूलरसुद्धा वेगळे. मात्र सरकारी कागद आला की सगळे एका रकान्यात, कारण ओमान सरकारच्या लेखी जो ओमानी नाही तो एक्सपॅट्रिएट, मग तो मॅनेजर असो की मुकादम. सरकारचा कागद खरा होता आणि कंपनीची भाषा खोटी होती, असं माझं आजही म्हणणं आहे.

ते फॉर्म मी भरायचो. १९८१ मधली एक संध्याकाळ सांगतो. करीमनगरकडचा एक गवंडी फॉर्म घेऊन माझ्या टेबलाशी उभा होता. नखांच्या कडांत सिमेंट, आणि फॉर्म मळू नये म्हणून तो त्यानं जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेला. सही येत नव्हती. मी अंगठ्याला शाई लावून दिली तेव्हा त्यानं एका छापील शब्दावर बोट ठेवून विचारलं, साहेब, हे काय लिहिलंय? सगळ्यांच्या कागदावर असतं. मी त्याला माझ्या मोडक्या हिंदीत अर्थ सांगितला: ज्यानं बापाची जमीन सोडली तो. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, सोडली नाही, गहाण आहे. ती सोडवायलाच आलोय.

त्या दिवसापासून ‘पात्रिआ’चा अर्थ माझ्यापुरता बदलला. रोमन माणसाला ‘बापाची भूमी’ म्हणजे सेनेट, देवळं आणि कायदे वाटत असतील. या माणसाला ती सावकाराकडे अडकलेली कोरडवाहू दीड एकर होती. आपल्या मराठीत ‘वतन’ शब्दाचंही असंच झालंय. अरबीत ‘वतन’ म्हणजे मायदेश. तो आपल्याकडे आला तेव्हा वंशपरंपरेनं चालणारी जमीन आणि तिच्यासोबतचा हुद्दा असा अर्थ घेऊन राहिला. पाटलाचं वतन, कुलकर्ण्याचं वतन. देश हा शब्द आपल्या लोकांनी शेताच्या बांधापर्यंत खाली आणला. तो गवंडी तेच करत होता.

अरबी लोक परदेशी कामगाराला सरकारी भाषेत ‘वाफिद’ म्हणतात. वाफिद म्हणजे येऊन पोचलेला. यजमान आपल्या उंबऱ्यावरून पाहतो आणि म्हणतो, आला. लॅटिन शब्द मागे राहिलेल्या गावाकडून पाहतो आणि म्हणतो, गेला. मला दोन्ही सांगायला हवेत असं वाटतं, कारण नर्स म्हणून तुम्ही तिथे पोचलेल्याही आहात आणि इथून गेलेल्याही.

आणि आपण फक्त परक्यांना बोल लावावा असंही नाही. आपल्या १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार दहावी न झालेल्या माणसाला आखातात नोकरीला जायचं तर सरकारची वेगळी परवानगी लागते, आणि पासपोर्टवर तशी नोंद असते. गरीब माणसाची फसवणूक होऊ नये हा हेतू चांगला होता. पण मुंबई विमानतळावर त्या नोंदीमुळे वेगळ्या रांगेत उभी केलेली, फाइल छातीशी धरून घामाघूम झालेली पोरं मी पाहिली आहेत. त्यांच्याशी अरेतुरे करणारा आवाज मराठीच होता.

एक गोष्ट कायद्यातली. अमेरिकेनं १८६८ साली कायदा करून सांगितलं की स्वदेशाचं नागरिकत्व सोडण्याचा हक्क प्रत्येक माणसाला जन्मतःच आहे. त्या देशाच्या कायद्यात ‘एक्सपॅट्रिएशन’ म्हणजे नागरिकत्व सोडणं, नुसतं परदेशी राहणं नव्हे. आणि त्याच देशानं १९०७ मध्ये दुसरा कायदा केला की अमेरिकन बाईनं परदेशी पुरुषाशी लग्न केलं की तिचं नागरिकत्व गेलं. तिनं घर सोडलेलं नसलं तरी. १९२२ मध्ये त्यात बदल झाला. तोवर कितीतरी बायका आपल्याच गावात, आपल्याच घरात बसून परक्या ठरल्या. बापाच्या नावावर बांधलेल्या शब्दात लेकींचं काय होतं, ते इथे दिसतं.

प्रश्न (बीड जिल्ह्यातून एक वाचक): आमची आजी कुणाचे आईबाप वारले की म्हणायची, “लेकरं परदेशी झाली.” तिनं आयुष्यात बीड ओलांडलं नव्हतं. पोरक्या मुलांना परदेशी का म्हणत असतील?

उत्तर: तुमच्या आजींचा शब्द जुना आणि अस्सल आहे. जुन्या मराठीत आणि खेड्यापाड्यांत ‘परदेशी’चा एक अर्थ निराधार, पोरका असाच आहे. आज आपण परदेशी म्हटलं की परफ्यूम आणि घड्याळ आठवतं. तेव्हाच्या माणसाला आठवायचा तो मुलखाबाहेर पडलेला एकटा जीव, ज्याला ओळखणारं कुणी नाही, तहान लागली तर कुणाच्या दारात जावं हे ठाऊक नाही.

‘देश’ हाही आपल्याकडे केवढासा होता ते पाहा. कोकणातून घाट चढून वर गेलं की माणूस ‘देशावर’ गेला. सह्याद्रीची एक रांग ओलांडली की देश बदलला. उत्तरेकडून येऊन इथे वसलेल्यांना गावानं ‘परदेशी’ म्हटलं आणि ते कित्येकांचं आडनाव होऊन बसलं. सुखानं नांदणाऱ्याला देश असतो, आणि त्याचं सगळं गेलं की तो ‘देशोधडीला लागतो’.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. कारण सांगतो.

१९८४ चा नोव्हेंबर. गुरुवार होता. तिकडे तेव्हा शुक्रवारची सुट्टी आणि गुरुवारी अर्धा दिवस काम. दुपारी कार्यालय बंद झाल्यावर शिपाई तार घेऊन खोलीवर आला. बाबा गेले. आमचे सगळ्यांचे पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत असायचे, आणि तिजोरीची किल्ली ज्या साहेबाकडे, तो दोन दिवसांसाठी शहराबाहेर. मी शुक्रवारचा अख्खा दिवस कार्यालयाच्या पायरीवर काढला. उघडणार नाही हे माहीत होतं, तरी खोलीत बसवेना. शनिवारी सकाळी तिजोरी उघडली, मग रजेचा कागद, मग बाहेर पडण्याचा शिक्का. रविवारी पहाटे सांताक्रूझला उतरलो, पहिल्या लोकलनं वसईला.

बाबांना गुरुवारी संध्याकाळीच माती दिली होती. मी गेलो तोवर मातीचा वरचा थर सुकून त्याला भेगा पडल्या होत्या. कुणीतरी झेंडूची माळ ठेवलेली, तिच्या खालच्या बाजूची फुलं अजून ओली होती. मी ती उलटी करून ठेवली. दुसरं काय करावं ते सुचलं नाही.

तुमच्या आजीनं मला त्या दिवशी पाहिलं असतं तर एकच शब्द वापरला असता, आणि तो दोन्ही अर्थांनी बरोबर ठरला असता. लॅटिनमध्ये बापाच्या भूमीबाहेर असलेला, मराठीत बाप नसलेला. कुठला रोमन विद्वान आणि कुठली बीडची आजी, पण परकेपण आणि बापाचं नसणं ही एकाच दुःखाची नावं आहेत हे दोघांनाही कळलेलं होतं. पासपोर्ट कामगाराच्याच हाती हवा, हे मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगत आलोय. इथेही सांगतो.

प्रश्न (ह्यूस्टनहून एक वाचक): आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत ‘एक्सपॅट’ला मराठी शब्द हवा आहे. कुणी ‘अनिवासी’ म्हणतं, कुणी ‘परदेशस्थ’, कुणी ‘प्रवासी’. तुम्ही कोणता घ्याल?

उत्तर: ‘अनिवासी’ प्राप्तिकराच्या कागदावर ठीक आहे. त्याचा ढोबळ हिशेब असा की वर्षातले १८२ दिवस इथे भरले नाहीत तर तुम्ही अनिवासी. दिवस मोजून ठरणारी ओळख स्मरणिकेत कशाला? शिवाय त्यात नकारच आहे. कुठे राहत नाही तेवढं सांगतो, कुठे राहतो ते सांगत नाही.

‘प्रवासी’चा हक्क खरं तर सगळ्यांत मोठा. संस्कृतात ‘वस्’ म्हणजे राहणं आणि ‘प्रवस्’ म्हणजे घरापासून दूर राहणं. हिंदीनं तो अर्थ जपला, म्हणून भारत सरकारचा ‘प्रवासी भारतीय दिवस’ भरतो. तो ९ जानेवारीला असतो, कारण १९१५ साली त्याच दिवशी गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून मुंबईत उतरले. मराठीत मात्र प्रवास म्हणजे वाटचाल झाली. प्रवासी म्हटलं की आपल्याला एसटीतला माणूस दिसतो, दूरदेशी घर केलेला दिसत नाही. शब्द चांगला होता, पण आपण तो फिरता केला, आता तो बसता होणार नाही.

त्याच धातूचा एक शब्द संस्कृत काव्यशास्त्रात जिवंत आहे: ‘प्रोषितभर्तृका’, जिचा नवरा परदेशी गेलाय ती. नायिकांच्या प्रकारांत तिला जागा आहे. तिचा नवरा कोण, तिकडे काय करतो, यात कवींना रस नव्हता. मला हे फार योग्य वाटतं. आमच्या गावात १९८० च्या दशकात अशा किती होत्या ते मी मोजू शकतो. एकटीनं वाडी सांभाळायची, पानवेलींना पाणी धरायचं, सासऱ्याचं दुखणं काढायचं, आणि महिन्यातून एकदा टेपरेकॉर्डरपुढे बसून नवऱ्याला बोलतं पत्र पाठवायचं. माझ्या बायकोच्या कॅसेटीत मागे रहाटाचा आवाज यायचा. एकदा तिनं येणाऱ्या माणसाबरोबर सुकेळी दिली होती. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून, केळीच्याच सोपटात घट्ट बांधलेली. ती मुठीएवढी जुडी आम्ही चौघांनी आठ दिवस पुरवली. स्मरणिका काढताय तर अशा मागे राहिलेल्यांसाठी दोन पानं ठेवा. परदेशस्थ माणसाचा शब्द एकट्याचा नसतो.

आता देशाला बाप म्हणावं की आई, हा मुद्दाही तुमच्या मंडळात निघेलच. लॅटिननं बाप म्हटलं. आपण ‘मायदेश’ म्हणतो, ‘मायभूमी’ म्हणतो. त्याहून खोल आहे ते ‘माहेर’. मातृगृहाचं घासत घासत माहेर झालं, आईचं घर. हिंदीतला ‘पीहर’ पितृगृहाचा. घर आणि जमीन बापाच्या नावावर असली तरी लेकीनं परत यायची जागा मराठीनं आईच्या नावे लिहिली. रायगड जिल्ह्यातून इस्रायलला गेलेले बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू बांधव, घरात मराठी बोलतात. त्यांच्यातले काही जण मला मुंबईत भेटले होते. भारत मातृभूमी आणि इस्रायल पितृभूमी, असं ते अगदी सहज म्हणत होते. सिसेरोच्या दोन पात्रिआ त्यांनी आई आणि बाप अशा वाटून घेतल्या होत्या, आणि त्यांच्या बोलण्यात मला कुठे ओढाताण जाणवली नाही.

तेव्हा माझं मत: लिहिण्यासाठी ‘परदेशस्थ’ घ्या. ‘स्थ’मध्ये उभं राहणं आहे, टिकून असणं आहे. देशस्थ, कोकणस्थ यांच्या पंक्तीत तो सहज बसतो. बोलताना मात्र लोकांचंच ऐका. आमच्याकडे कुणी ‘परदेशस्थ’ म्हणत नाही. ‘त्यांचा मोठा बाहेर असतो’ म्हणतात. ‘असतो’ या क्रियापदात सगळं येतं.

‘मुक्काम’वरून काही नवा शब्द घडवावा का, असंही तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय. मुक्काम अरबीतून आला. आखातात राहण्याच्या परवान्याला ‘इकामा’ म्हणतात, तो त्याच धातूचा, आपला ‘कायम’सुद्धा त्याच धातूचा. घडवायचा तर जरूर घडवा. मला मात्र तो शब्द पाकिटावरच आठवतो. घरी पत्र लिहिताना मी पत्ता घालायचो: मुक्काम पोस्ट अमुक, तालुका वसई, जिल्हा ठाणे. तेव्हा पालघर जिल्हा व्हायचा होता. डाव्या कोपऱ्यात माझा पत्ता: कंपनीचं नाव, पोस्ट बॉक्स नंबर, रूवी, मस्कत. तिकडे तेव्हा टपाल घरी यायचं नाही, पेटीत यायचं. त्या पत्त्यात पोस्ट होतं, मुक्काम कुठे लिहायचा ते एकवीस वर्षांत ठरलं नाही.